विसाच्या पाटीखालचं पाणी

पश्चिम आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळापासून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपर्यंत एक रस्ता जातो, त्याचं नाव ई-२०. सांगलीकडून आमच्या गावाकडे जाताना वाटेतल्या कुठल्याही पंपावर आज जे पेट्रोल मिळतं, त्याचंही नाव ई-२०. एकातला ‘ई’ युरोपचा, दुसऱ्यातला इथेनॉलचा. एकातला वीस हा रस्त्यांच्या यादीतला क्रमांक, दुसऱ्यातला शंभरातला वाटा. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण माझं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या उसात. आणि बहिणीची लेक नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये माल्मोला. त्यामुळे या दोन्ही पाट्या माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आल्या आणि मनात एकत्र राहिल्या. एकीचा विचार करायला लागले की दुसरी आपोआप पुढे येते, आणि दोन्हींच्या मध्ये पाणी असतं.

आधी रस्त्याचं सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडलेल्या युरोपाला देशोदेशीचे रस्ते एकमेकांना जोडून घ्यायचे होते. १९५० साली जीनिव्हात त्याचा पहिला जाहीरनामा झाला, १९७५ साली नवा करार झाला आणि क्रमांकांची पद्धत ठरली. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना विषम. आडव्या रस्त्यांतल्या मुख्य रस्त्यांचा आकडा शून्यावर संपतो आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातो. म्हणून दहा सगळ्यात वर, स्वीडन-नॉर्वेच्या बर्फात; त्याच्या खाली वीस. नियम असा चोख, तरी माणसांसाठी वाकलेला. स्वीडन आणि नॉर्वेतून जाणाऱ्या ई-६ला नव्या हिशेबात दुसरा आकडा मिळायला हवा होता. पण सगळ्या पाट्या बदलायचा खर्च मोठा आणि जुना आकडा लोकांच्या तोंडात बसलेला, म्हणून तो तसाच राहू दिला. माल्मोपासून गॉथेनबर्गपर्यंत एकाच डांबरावर ई-६ आणि ई-२० अशा दोन्ही खुणा शेजारी शेजारी लावलेल्या असतात.

या रस्त्याचा नकाशा पाहिला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की तो सारखा पाण्यात उतरतो. शॅननहून लिमरिक, तिथून डब्लिन, आणि पुढे आयरिश समुद्र. पलीकडे लिव्हरपूलला तो पुन्हा जमिनीवर येतो, मँचेस्टर आणि लीड्सवरून हलला पोचतो. इंग्लंडमध्ये ई-२०ची पाटी कुठेच दिसत नाही. तिथे तो एम-६२ म्हणूनच ओळखला जातो. पेनाइन डोंगरात त्या रस्त्याच्या दोन बाजू मधेच फाकतात, आणि मधल्या पट्ट्यात स्टॉट हॉल नावाचं जुनं शेतघर आणि त्याची कुरणं आहेत. खालच्या जमिनीत भेग असल्यामुळे तिथे दोन्ही बाजू जोडून बांधता आल्या नाहीत, म्हणून ते घर वाचलं. हलनंतर उत्तर समुद्र. कागदावर रस्ता सरळ डेन्मार्कच्या एस्ब्येर्गला लागतो, पण ब्रिटन आणि डेन्मार्कमधली शेवटची प्रवासी बोट २०१४ साली बंद झाली. म्हणजे एवढ्या टापूत ई-२० नुसत्या नकाशावर उरला आहे. डेन्मार्क पार केलं की ओरेसुंदची सामुद्रधुनी. स्वीडन आडवं कापून स्टॉकहोम. पुन्हा बाल्टिक समुद्र. पलीकडे टालिन, आणि एस्टोनियाच्या टोकाला नार्वा नदी. त्या नदीवरच्या पुलाचं नाव ‘मैत्रीचा पूल’. अलीकडच्या काठावर नार्वाचा किल्ला, पलीकडच्या काठावर रशियाचा इवानगोरोदचा किल्ला, दोन्ही एकमेकांकडे तोंड करून. युक्रेनच्या युद्धाला दोन वर्षं होत आली तेव्हा, १ फेब्रुवारी २०२४ पासून, रशियानं आपल्या बाजूचं नाकं वाहनांना बंद केलं. तेव्हापासून हा आंतरराष्ट्रीय रस्ता तिथे पायी ओलांडावा लागतो.

यातलं ओरेसुंद मी डोळ्यांनी पाहिलं. भाची गाडी चालवत होती. वर आम्ही, आमच्या खालच्या मजल्यावरून आगगाडी, आणि त्याखाली करडं, थंड पाणी. सुमारे आठ किलोमीटरचा पूल संपतो तो पेबरहोल्म या बेटावर. हे बेट माणसांनी समुद्रात भर घालून केलेलं. बेटावरून रस्ता पाण्याखाली शिरतो आणि चार किलोमीटरच्या बोगद्यानंतर कोपनहेगनच्या विमानतळाशेजारी वर येतो. मी विचारलं, “अगं, सगळाच पूल का नाही बांधला?” ती म्हणाली, “मावशी, विमानतळ इतका जवळ आहे की उंच खांब विमानांना आडवे आले असते. आणि दुसरं कारण पाण्याचं.”

हे पाण्याचं कारण मी घरी आल्यावर नीट वाचून काढलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बाल्टिक समुद्र जवळजवळ चारही बाजूंनी बंद. त्याला खारं, प्राणवायूनं भरलेलं पाणी मिळतं ते डेन्मार्कजवळच्या या चिंचोळ्या वाटांमधूनच. तो पुरवठा कमी झाला तर तळाशी मासे जगत नाहीत. म्हणून पूल बांधायची परवानगी देतानाच अट घातली होती: बांधकामामुळे बाल्टिकमध्ये जाणारं पाणी घटता कामा नये, घट शून्य असली पाहिजे. खांब आणि बेट मिळून प्रवाहाला जेवढे आडवे येणार, तेवढा समुद्राचा तळ दुसरीकडे खोदून वाट मोकळी करून द्यायची. तसं केलं. खोदून निघालेली माती-दगड बेटाच्या भरावात गेली. १ जुलै २००० रोजी पूल सुरू झाला. त्याच्या दोन वर्षं आधी डेन्मार्कच्या दोन मोठ्या बेटांमध्ये ‘ग्रेट बेल्ट’चा पूल झाला, तोही याच रस्त्यावरचा, आणि त्यालाही हीच अट होती. ज्या पाण्यावरून जायचं त्याचं आपण काय घेतो आणि काय परत करतो, हे पहिला खांब उभा राहण्याआधी मांडलं गेलं होतं. मला त्या पुलाच्या उंच मनोऱ्यांपेक्षा ही मांडणी थोर वाटते.

आता आमचा ई-२०.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात होते: मिरज आणि मनमाड. तेव्हा प्रमाण पाच टक्के. २०१८च्या जैवइंधन धोरणानं मळीबरोबर उसाच्या रसालाही वाट मोकळी करून दिली. २०२२च्या जूनमध्ये दहा टक्के झाले. विसाचं उद्दिष्ट आधी २०३०चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे आणलं, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरला ई-२०चं उद्घाटन झालं. २०२५ सालात वीस टक्क्यांचं पेट्रोल हेच साधं पेट्रोल झालं.

मी या योजनेच्या बाजूची आहे, हे आधी सांगून टाकते. उसाचं बिल वेळेवर न मिळणं म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. कायदा सांगतो, ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या. पण साखरेचे ढीग गोदामात पडून असले, भाव पडले, की कारखान्याकडेच पैसे नसायचे. मग शाळेची फी, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्या बिलाला टांगलेलं. इथेनॉल आलं आणि कारखान्याला साखरेखेरीज दुसरं गिऱ्हाईक मिळालं. तेही ठरलेल्या भावानं घेणारं, ठरल्या वेळेत पैसे देणारं. माझा भाऊ म्हणतो, “आक्का, साखर इकायची वाट बघत कारखाना बसत न्हाई आता. तेवढा तरी जीव भांड्यात पडलाय.” हे खरं आहे, आणि शहरातल्या ज्यांना इथेनॉल म्हणजे नुसतं कमी झालेलं अॅव्हरेज वाटतं, त्यांनी हेही ऐकावं.

आमच्या भागातल्या एका कारखान्याची डिस्टिलरी मी आत जाऊन पाहिली. आत शिरताच मळीचा तो घट्ट, गोड-आंबट वास घशात बसतो. साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जो काळा पाक उरतो ती मळी. दाणे शेवटपर्यंत काढले तर ‘सी हेवी’. थोडे आधी थांबलं, म्हणजे पाकात साखर राहू दिली, तर ‘बी हेवी’. त्यात पाणी आणि यीस्ट घालून आंबवायचं. टाकीच्या तोंडाशी उभं राहिलं तर आत सारखा फेस येताना दिसतो. आंबलेलं द्रव्य उंच मनोऱ्यांत उकळून वाफेनं अल्कोहोल वेगळं काढतात. इथपर्यंत सगळं सरळ. पण साधारण ९५ टक्क्यांवर येऊन गाडी अडते. उरलेलं पाणी अल्कोहोलला असं बिलगलेलं असतं की कितीही उकळा, दोघं मिळूनच वर जातात. पेट्रोलला तर साडेनव्याण्णवच्या वरचं, जवळजवळ कोरडं इथेनॉल लागतं.

तिथल्या केमिस्टनी एका डब्यातून चिमूटभर पांढरट मणी काढून माझ्या तळहातावर ठेवले. साबुदाण्याएवढे, कोरडे, हाताला खरखरीत. त्या मण्यांना इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा कण आत शिरतो आणि अल्कोहोलचा कण, जरासा मोठा म्हणून, बाहेरच राहतो. वाफ या मण्यांच्या थरातून गेली की पाणी मागे राहतं आणि कोरडं इथेनॉल पुढे जातं. मग मण्यांतलं पाणी हाकलून ते पुन्हा वापरायचे. ते म्हणाले, “ताई, सगळा जीव या शेवटच्या पाच टक्के पाण्यात आहे. हे राहिलं तर माल डेपोवरून परत येतो.” सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पेट्रोलच्या टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणून थेंबाथेंबाचा पहारा.

मण्यांचा तो ढीग पाहताना मला नीती आयोगाच्या अहवालातला आकडा आठवत होता. २०२१ साली विसाच्या उद्दिष्टाचा आराखडा ज्या अहवालात मांडला, त्याच अहवालात लिहिलेलं आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. आकडा सरकारीच आहे, विरोधकांनी काढलेला नव्हे. आपल्या मोटारसायकलच्या टाकीत दहा लिटर ई-२० भरलं, आणि त्यातलं इथेनॉल सगळं उसाचं धरलं, तर पाच हजार सातशे लिटरच्या वर पाणी त्या एका टाकीमागे रानात गेलेलं असतं. डिस्टिलरीत शेवटच्या पाच टक्के पाण्यासाठी एवढी यंत्रणा उभी आहे. रानातल्या पाण्यासाठी ती मला कुठे दिसली नाही.

आणि हे पाणी महाराष्ट्रातलं आहे. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला जवळजवळ सत्तर टक्के वाटा त्याचा, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानं आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा लिहिलं आहे. आमच्या काठाला कृष्णा आहे, धरणं आहेत, उपसा योजना आहेत. आम्ही ऊस लावतो याचं कुणाला नवल वाटत नाही. पण ऊस मांजरेच्या खोऱ्यातही आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूर शहराच्या नळाला पाणी राहिलं नाही. तेव्हा रेल्वेनं पाणी पाठवलं, आणि ते पाठवलं मिरजेहून. ज्या मिरजेत पंधरा वर्षांपूर्वी पेट्रोलमध्ये पहिल्यांदा इथेनॉल मिसळलं, तिथूनच. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचली. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. आम्हा मिरज-सांगलीच्या लोकांना तेव्हा ऊर भरून आलं होतं, आपल्या कृष्णेचं पाणी तहानलेल्यांना जातंय म्हणून. पुढे कधीतरी मी वहीत भागाकार मांडला. पाच लाखांना २,८६० नं भागलं तर उत्तर १७५ येतं. ती अख्खी गाडी म्हणजे १७५ लिटर इथेनॉल. पेट्रोलच्या एका मोठ्या पिंपातही दोनशे लिटर मावतात.

हा भागाकार मी ज्यांना दाखवला त्यांतले काही जण म्हणाले, असं भागत नाहीत. उसाचं सगळंच पाणी इथेनॉलच्या खात्यावर टाकायचं कशाला, त्यातून साखर येते, बगॅसवर वीज होते, वाढ्यावर जनावरं जगतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मळीतून होणाऱ्या इथेनॉलला तर ते नक्कीच लागू पडतं. साखर काढून उरलेल्या पाकाचं इंधन करायला कुणाची हरकत असेल? पण उसाचा रस सरळ डिस्टिलरीत घालायचा असेल, तर तो ऊस इंधनासाठीच वाढवलेला असतो, आणि मग त्याचं पाणीही इंधनाचंच. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा सरकारनंच ७ डिसेंबरला रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. साखर कमी पडेल म्हणून. आठवड्याभरात ती मनाई थोडी सैल झाली, पुढच्या वर्षी उठली. त्या आदेशामागे साखरेची काळजी होती. पाण्याच्या काळजीनं असा आदेश निघालेला माझ्या वाचनात नाही. उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय मात्र राज्यानं २०१७ मध्ये घेतला होता. आजही आमच्या शिवारात संध्याकाळी फिरलं, तर सरीतून पाटाचं पाणी सुटलेलं दिसतं.

आणि त्या सरीत हंगामाला उतरणारी माणसं कुठली? बीडची, बालाघाटच्या डोंगररांगेतली. दिवाळी झाली की बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली, पोरंबाळं बरोबर, फडाशेजारी कोप्या. त्यांच्या रानात पाणी नाही म्हणून ती आमच्या पाण्याच्या रानात कोयता चालवायला येतात. एकदा एका बाईला मी विचारलं, गावाकडे काय पिकतं? मोळी बांधता बांधता ती म्हणाली, “पाऊस पडला तर बाजरी, कापूस. न्हाई तर तुमचा ऊस हायच की.” ई-२०च्या पाण्याचा हिशेब मांडायचा तर तिच्या गावाची कोरडी विहीरही त्यात धरायला हवी.

वाहनवाल्यांची तक्रार वेगळी आहे आणि तीही खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी. जुन्या धाटणीच्या चारचाकीला सहा-सात टक्के, दुचाकीला तीन-चार टक्के अॅव्हरेज कमी मिळेल, हेही त्याच नीती आयोगाच्या अहवालात आहे. माझी भाची त्या ई-२० रस्त्यावर गाडी चालवते आणि तिच्या पंपावर ई-१० मिळतं. स्वीडननं ते ऑगस्ट २०२१ मध्ये आणलं. पण शेजारच्याच नळीवर ९८ ऑक्टेनचं पाच टक्केवालं पेट्रोल असतं, ज्याची गाडी जुनी त्यानं ते घ्यावं. आपल्याकडे २०२३च्या आधीच्या कोट्यवधी गाड्यांना अशी नळी नाही. ती असायला हवी होती, यात मला शंका नाही.

भावानं यंदा विहिरीकडच्या दोन एकरांत उसाऐवजी मका केला. डिस्टिलऱ्या आता धान्यही घेतात, आणि देशातल्या इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा उसाच्या पुढे गेला आहे. खरिपाचा मका बराचसा पावसावर येतो, चार महिन्यांत रान मोकळं होतं. पण आमच्या शेजारच्या पोल्ट्रीवाल्याचं तोंड उतरलं. कोंबडीखाद्याचा मका महागला. म्हणजे हाही प्रश्न एका पिकावरून दुसऱ्यावर ढकलून सुटणारा नाही. तोही मांडावा लागेल, पाण्यासकट.

भाऊ कारखान्याचा सभासद आहे. वार्षिक सभेच्या आधी घरी अहवालाचं पुस्तक येतं. त्यात गाळप किती, उतारा किती, साखर किती पोती, मळी किती, इथेनॉल किती लिटर, वीज किती युनिट, सगळे रकाने असतात. सभेत प्रश्न विचारायचा तर तो आधी लेखी द्यावा लागतो. यंदा सोप्यात बसून आम्ही दोघांनी मिळून तो लिहिला. भावाचं म्हणणं, भाषा साधी ठेव, चेअरमनला वाचून दाखवता आली पाहिजे. म्हणून एवढंच लिहिलं: गेल्या हंगामात आपल्या कारखान्यानं जितकं इथेनॉल विकलं, त्याचा ऊस किती एकरांतला, त्यातला ठिबकवरचा किती आणि पाटाच्या पाण्यावरचा किती, त्याला नदीचं पाणी किती गेलं आणि विहिरीचं किती, आणि हा रकाना पुढच्या वर्षीपासून अहवालात छापावा.